एथिक्स कमिटीत अडकलेला माझा प्रयोग

माझं पीएचडीचं काम दृष्टीवर आहे. एका डोळ्याला चेहरा दाखवायचा, दुसऱ्याला घर. मेंदू दोन्हींची सरमिसळ करत नाही. काही सेकंद चेहरा दिसतो, मग घर, मग परत चेहरा. चार्ल्स व्हीटस्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1838 मध्येच ही अदलाबदल नोंदवली होती. चेहरा सेकंदाला 12 वेळा आणि घर 15 वेळा लुकलुकवलं, की ईईजीत (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून घेतलेल्या मेंदूच्या विद्युत नोंदीत) डोक्याच्या मागच्या बाजूला या दोन्ही लयी पकडता येतात. त्या क्षणी जे दिसत असतं, त्याची लय जोर धरते.

प्रपोजल, गाईडची सही, लॅबच्या वेळा, सगळं सुरळीत झालं. गाडी अडली एथिक्स कमिटीत, म्हणजे माणसांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समितीत.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कोरमला, म्हणजे मीटिंग वैध ठरायला, किमान पाच सदस्य लागतात आणि त्यांत एक तरी संस्थेबाहेरचा हवा. नियम योग्यच आहे. पण आमच्याकडे तारीख ठरायची, बाहेरच्या सदस्यांना जमायचं नाही, आणि मीटिंग पुढे ढकलली जायची. ती रद्द झाल्याचंही आपणच जाऊन विचारल्यावर कळायचं. 'कळवू मॅडम' या पलीकडे उत्तर नाही. माझी फाइल त्याच रॅकवर, तिच्यावर नव्या फाइली चढत गेलेल्या. इकडे फेलोशिपचे महिने संपत होते आणि मंजुरीशिवाय एकाही माणसाचा डेटा घेता येत नव्हता. बाहेरच्या दुसऱ्या सदस्याची सोय करायला कुणाचं काय जात होतं, हे मला आजही समजलेलं नाही.

अखेर मीटिंग झाली. न्यूरॉलॉजिस्ट सदस्यांनी नेमकं विचारलं, "लुकलुकणाऱ्या चित्रांनी कुणाला फिट आली तर?" 1997 साली जपानमध्ये टीव्हीवरच्या कार्टूनमधल्या लाल-निळ्या झगमगाटाने शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं, तो वेगही सेकंदाला सुमारे 12 चाच. स्वतःला किंवा घरात कुणाला फिट्सचा त्रास असेल तर सहभाग नाही, आणि कधीही थांबण्याची मुभा, हे मी फॉर्मात लिहिलेलं होतं. पाच-दहा मिनिटांत विषय संपला. या प्रश्नासाठी मी कितीही थांबले असते. थांबावं लागलं ते खुर्ची रिकामी होती म्हणून.

तुमच्याही प्रयोगात लुकलुकणारं काही असेल तर धोक्याचा परिच्छेद पहिल्याच पानावर घ्या. फाइल देण्याआधी मेंबर सेक्रेटरींना पुढच्या मीटिंगची तारीख विचारा, तीही ईमेलवर. धोका किमान असेल तर एक्स्पिडाइटेड रिव्ह्यू (झटपट तपासणी) लेखी मागा. त्याला पूर्ण कमिटी जमावी लागत नाही.

आणि हो, माहितीपत्रकात 'केस धुऊन या, तेल लावू नका' हे आधीच घाला. तेलकट डोक्यावर इलेक्ट्रोडला नीट सिग्नल मिळत नाही, आणि मंजुरीनंतर पत्रकात एक ओळ वाढवायची तरी परत कमिटीकडेच जावं लागतं.