'नेहमीचेच नियम' : क्विझसाठी कोल्हापूरहून पुण्याला जाणाऱ्यांसाठी

पुण्यातल्या एका आंतरमहाविद्यालयीन क्विझच्या जाहिरातीत 'नवोदित संघांचे विशेष स्वागत' असे ठळक छापलेले होते आणि त्या एका ओळीवर विसंबून आम्ही तिघांनी कोल्हापूरहून रातराणी पकडली. स्वागत म्हणजे नेमके काय, हे आमच्या मागून जाणाऱ्यांना आधीच कळावे म्हणून हे लिहीत आहे. वाचनाची सवय, चालणारी तीन पेने आणि रात्रभर एसटीत बसून दिवसभर जागे राहण्याची ताकद तुमच्याकडे आहे, असे मी गृहीत धरते.

पहाटे पावणेपाचला स्वारगेटला उतरलो. तीन किलोमीटरसाठी रिक्षावाल्याने अडीचशे रुपये मागितले आणि आम्ही दिले, हा निव्वळ मूर्खपणा होता. मेट्रो सुरू होईपर्यंत स्थानकावर चहा पीत बसावे. तरी त्या रिक्षावाल्याने आकडा आधी सांगितला होता. स्पर्धेचे शंभर रुपये शुल्क संघाचे नसून माणशी आहे, हे मात्र नोंदणीच्या टेबलापाशी उभे राहिल्यावर समजले. दहाची लेखी प्राथमिक फेरी सव्वाबाराला सुरू झाली. प्रश्न 25, संघ 41, पुढे जाणार 8. काही प्रश्नांपुढे चांदणी होती, तिचा अर्थ कोणी सांगितला नाही. समान गुण झाल्यास चांदणीचे प्रश्न पाहून निवड करतात आणि त्याच जोरावर आपण आठवे आलो, हे आम्हाला जेवणाच्या रांगेत कळले.

खरा घाट पुढे होता. अंतिम फेरीच्या आरंभी क्विझमास्टर एवढेच म्हणाले, "नेहमीचेच नियम." बाकीच्या सातही संघांनी मान डोलावली. कोलकात्यात नील ओब्रायन यांनी 1967 मध्ये एका चर्चच्या सभागृहात खुली क्विझ घेतली, तेव्हापासून हे नियम या मंडळींमध्ये तोंडोतोंडी चालत आले असतील. आमच्या गावापर्यंत ते पोहोचलेले नाहीत. शाळेत आम्ही खेळलो त्या स्पर्धांमध्ये प्रत्येक संघाला ठरलेला प्रश्न मिळत असे. येथे 'इन्फिनिट बाउन्स' असतो, म्हणजे एका संघाला न आलेला प्रश्न पुढच्या संघाकडे सरकत जातो, ज्या संघाने उत्तर दिले त्याच्या पुढच्या संघापासून नवा प्रश्न सुरू होतो आणि अर्ध्यावर फिरण्याची दिशा उलटते. आमच्या अलीकडे बसलेला संघ इतका तयारीचा होता की पहिल्या नऊ प्रश्नांत इतरांकडून सरकत येणारा एकही प्रश्न आमच्यापर्यंत आला नाही. अशा वेळी 'पाउन्स' करायचा असतो : आपली पाळी येण्याआधीच उत्तर चिठ्ठीवर लिहून स्वयंसेवकाकडे द्यायचे, बरोबर आले तर अधिक दहा, चुकले तर उणे दहा.

दहावा प्रश्न पडद्यावर आला : फ्लॉरेन्समधल्या एका पुलाचे नाव 'भारतीयाचा पूल' असे कोणामुळे पडले? 1870 मध्ये युरोपचा दौरा आटोपून परतताना तेथे निधन पावलेले कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज आम्हाला माहीत नसतील तर कोणाला असणार? माझा हात थरथरत होता, तरी उत्तर लिहिले आणि चिठ्ठी दिली. तिच्यावर संघाचा क्रमांक लिहायचा असतो, हे आम्हाला ठाऊक नव्हते. चिठ्ठी बाद झाली आणि उणे दहाही बसले. मी उभी राहून विचारले, तेव्हा पुन्हा तेच दोन शब्द ऐकायला मिळाले, त्यावर मागच्या बाकांवरून हशाही आला. त्यानंतर चाळीस मिनिटे आम्ही एकही चिठ्ठी दिली नाही, ही आमची चूक. शेवटचे आलो.

जाणाऱ्यांनी बसल्याबरोबर सगळ्या चिठ्ठ्यांवर आधी क्रमांक घालून ठेवावेत. उणे गुण किती, दिशा केव्हा बदलते आणि चांदणी कशासाठी, हे तीन प्रश्न माइकवर सर्वांसमक्ष विचारावेत, लाज वाटली तरी विचारावेत. शुल्काचे उत्तर निघण्यापूर्वी लेखी घ्यावे. पाउन्सला मात्र घाबरू नये. भक्कम संघाच्या पुढे बसलात तर सरकत येणाऱ्या प्रश्नांसाठी दुसरा मार्गच नसतो.

आयोजकांना माझे सांगणे अधिक कडक आहे. नियमांचा एक पडदा आणि सरावाचे दोन प्रश्न यांना पाच मिनिटेही लागत नाहीत. ज्यांनी सव्वादोन तास उशीर केला त्यांनी वेळ नसल्याचे कारण देऊ नये. पहिल्या दहा प्रश्नांत उणे गुण ठेवू नयेत. प्रश्नसंच आपल्या मित्रांना दाखवून भागत नाही, क्विझ न खेळणाऱ्या एखाद्या वाचत्या माणसाकडून तो आधी सोडवून घ्यावा. अंदाज बांधायला जागाच नसलेले प्रश्न तेव्हाच उघडे पडतात. प्रथमच आयोजन करणाऱ्यांनी निदान गुणलेखनाला जुना माणूस बसवावा. बाहेरगावचे संघ कोणत्या गाडीने परतणार आहेत, हेही नोंदणीतच विचारावे.

दुसरा दिवस आम्ही पुण्यात फिरण्यात घालवला, तो चांगला गेला. परतीच्या एसटीत पेन चालवता येत नाही, म्हणून घरी पोहोचल्यावर मी नियमांचा एक कागद टंकून काढला आणि आमच्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लावला. पुढच्या खेपेला जाणाऱ्या संघाने तो खिशात घेऊन जावा.