घर भाकरी-उसळीवर आणताना: माझा अनुभव

मैदा, पॉलिशचा तांदूळ आणि पाकिटातलं खाणं कमी करून घर अख्ख्या धान्यांवर, कडधान्यांवर आणायचं ठरवलं की सगळे चवीची काळजी करतात. खरी अडचण वेळेची असते. उद्या दुपारची उसळ आज सकाळी किंवा काल रात्रीच सुरू झालेली असावी लागते, आणि ती सवय घरात रुजली की बाकीचं सोपं जातं. म्हणून मी सुरुवात कडधान्यांपासून केली, मग भाकरी, आणि भाताला सगळ्यात शेवटी हात लावला.

मोडाची मटकी पहिली घ्यावी, कारण ती लवकर भिजते आणि लवकर शिजते. वाटीभर मटकी निवडून, धुऊन, तिप्पट पाण्यात आठ-दहा तास ठेवायची, थंडीत बारा. भिजल्यावर जे दाणे टणकच राहतात ते गणंग. ते बोटाने चाचपून आत्ताच काढावेत, शिजवून मऊ होत नाहीत आणि दाताखाली येतात. मग पाणी ओतून मटकी चाळणीत पंधरा मिनिटं नीट निथळायची. मोडांना आंबूस वास येतो तो बहुतेक वेळा इथल्या घाईमुळे: पाणी राहिलं की दाण्यांना हवा मिळत नाही आणि ते आंबतात. निथळलेली मटकी ओलसर पंचात सैल बांधून उबदार जागी ठेवली की उन्हाळ्यात बारा तासांत आणि थंडीत दिवसभरात मोड दिसतात. अर्धा इंच पुरे. उन्हाळ्यात मध्ये एकदा पुरचुंडी सोडून मटकी धुवावी. वाटीची अडीच-तीन वाट्या होते, हे धरूनच भिजत घाला.

मोड कच्चे खाण्यापेक्षा शिजवून खाल्लेले बरे. ज्या ओल्या उबेत मोड येतात त्याच उबेत जंतूही वाढतात. मटकीला कुकर नको. फोडणीवर परतून, थोडं पाणी घालून झाकण ठेवलं की दहा-बारा मिनिटांत शिजते. कुकरच्या शिट्टीत तिचा लगदा होतो.

हरभरा, छोले आणि राजमा मात्र रात्रभर भिजवून कुकरलाच लावायचे. भिजवलेलं पाणी टाकून द्यायचं, कारण पोटात वायू करणाऱ्या साखरेचा काही भाग त्यात उतरलेला असतो. चिंच, आमसूल, टोमॅटो दाणे शिजल्यावरच घालायचे, आंबटाने साल मऊ व्हायला उशीर लागतो. बोअरच्या जड पाण्यातही कडधान्य शिजता शिजत नाही, तिथे क्षार काढलेलं (आरओचं) पिण्याचं पाणी घ्या. सोडा घालून वेळ वाचते, पण त्यात ‘ब १’ जीवनसत्त्व नष्ट होतं. राजमा कधीही अर्धकच्चा खाऊ नये. त्यातलं विषारी द्रव्य जायला निदान दहा मिनिटं खळखळ उकळी लागते आणि नुसत्या मंद आचेवर ते तसंच राहतं.

पोट गडबडलं म्हणून कडधान्यं सोडणारे बरेच भेटतात. एकदम दोन वाट्या उसळ सुरू केली तर तसं होणारच. पहिला आठवडा शिजलेली अर्धी वाटी, तीही दुपारी, आणि सोबत पुरेसं पाणी. मूग आणि मटकी आधी, वाल आणि हरभरा नंतर.

आता भाकरी. ज्वारी रब्बीची घ्यावी, मालदांडी वाणाची मिळाली तर उत्तम. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. हे पीक पावसाळ्यात काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर येतं, उसाच्या किंवा भाताच्या मानाने फारच थोड्या पाण्यात, आणि कडबा जनावरांना होतो. दुष्काळी मुलखातल्या पाण्याचा हिशेब असा थेट ताटात येतो. कडधान्यांचंही तसंच. त्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत धरतात, त्यामुळे युरिया कमी लागतो.

पीठ दोन किलोपेक्षा जास्त दळून आणू नका. शिळ्या पिठाची विरी, म्हणजे थापताना धरून राहण्याचा गुण, जाते आणि भाकरी थापताना चिरते. बाजरीचं पीठ तर आठवडाभरात कडवट होतं, कारण तिच्यात स्निग्धांश जास्त असतो. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पीठ उकळत्या पाण्यात भिजवायचं: वाटीभर पिठाला साधारण पाऊण वाटी पाणी, तेही हळूहळू. पिठातलं पिष्ट (स्टार्च) गरम पाण्याने फुलून चिकटतं. हाताला सोसेल इतकं निवलं की तळहाताच्या टाचेने दोन-तीन मिनिटं मळायचं, एका वेळी एकाच भाकरीचं. थापलेली भाकरी पीठ लागलेली बाजू वर ठेवून तापल्या तव्यावर टाकायची आणि वरून पाण्याचा हात फिरवायचा. पाणी पूर्ण सुकण्याआधी उलटायची. सुकू दिलं तर भेगा पडतात, भेगांतून वाफ निसटते, भाकरी फुगत नाही. दुसरी बाजू नीट भाजली की पहिली बाजू थेट विस्तवावर.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून दुकानात ज्वारी-नाचणीची बिस्किटं ढिगाने दिसतात. पाकिटामागचा पहिला घटक वाचा, बऱ्याचदा तो मैदा निघतो. नाचणीचं सत्त्वही जपून घ्यावं. भिजवून, वाटून, फडक्यातून गाळलेल्या सत्त्वात पिष्ट राहतं, कोंडा चोथ्याबरोबर जातो, आणि नाचणीतलं बरंचसं कॅल्शियम त्या सालीतच असतं. मोठ्या माणसांसाठी मी अख्ख्या नाचणीचं पीठच वापरते: दोन चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, मग उकळत्या पाण्यात सोडायचं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत.

भाताचं थोडक्यात. हातसडीचा तांदूळ तासभर भिजवून अडीचपट पाण्यात शिजवावा, आणि थोडा थोडाच आणावा, तो लवकर खवट होतो. मधुमेह असेल तर भाकरीही मोजूनच. पौष्टिक असली तरी तिच्यातही पिष्टच जास्त आहे.

उसळीवर लिंबू पिळलं की तिच्यातलं लोह अंगी जास्त लागतं. चहा मात्र जेवणानंतर तासभर लांब ठेवा. जवस मंद भाजून, कुटूनच खावेत, अख्खे दाणे न पचताच बाहेर पडतात. कुटलेली चटणी फ्रिजमध्ये ठेवावी, बाहेर तिला लवकर वास लागतो. आणि दूध-दही-ताकही बंद करणार असाल, तर ‘ब १२’ची गोळी डॉक्टरांना विचारून सुरू करा. हे जीवनसत्त्व कुठल्याही धान्यात, डाळीत किंवा भाजीत भरवशाचं मिळत नाही.