पोळ्यांचा ब्लॉक

८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. मूळची मध्य प्रदेशातली माणसं, जालन्याच्या स्टील कारखान्यात कामाला. भुसावळहून गावाकडची गाडी मिळेल म्हणून चालत निघालेली; लॉकडाऊनमध्ये रेल्वे बंदच आहे, या समजुतीने रुळांवर आडवी झालेली. करमाड आमच्या तेव्हाच्या औरंगाबाद, आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलंच. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचा फोटो त्या दिवशी ज्याच्या त्याच्या मोबाइलवर होता. चार दिवसांत तो मागे पडणार, हे मला सहन होईना. मी मुद्राचित्रण, म्हणजे ब्लॉक कोरून त्यावरून चित्र छापायची कला, शिकवते. ब्लॉक कापायला घेतला.

कॉलेजला कुलूप, छापायचा प्रेस आत. घरात लिनोचा, म्हणजे कोरता येणाऱ्या लिनोलियमचा, तुकडा होता. थंडीत तो उन्हात ठेवून मऊ करावा लागतो. मे महिन्यात तशी गरजच नव्हती. शाईने मात्र छळलं. उकाड्यात ती पातळ पडते, बारीक रेघा बुजवते. म्हणून रूळ कोरलेच नाहीत, ठार काळे ठेवले. खडीसाठी व्ही टूलचे, म्हणजे व्ही आकाराच्या कोरणीचे, छोटे छोटे घाव घातले. पोळ्या तेवढ्या पूर्ण खोदल्या, म्हणजे तिथे नुसता कोरा कागद दिसणार. भाजल्याचे डाग म्हणून लिनोचे चार ठिपके सोडले. प्रेस नाही, तर भाताच्या लाकडी चमच्याने कागद घासून छापा उचलला.

आईने बघून विचारलं, "माणसं नाही काढलीस?"

नाही काढली. त्यांच्या देहांचे फोटो सगळीकडे फिरत होते, तेवढी विटंबना पुरे होती.

संध्याकाळी ओळखीच्या एका प्रदर्शनवाल्यांचा फोन आला. फोटो पाठवला होता, त्यांना काम आवडलं होतं. म्हणाले, "सोळाच प्रती काढा. मग ब्लॉकवर फुली मारून टाका. किंमत चांगली येईल."

मोजक्याच प्रती छापायच्या, त्यांवर क्रमांक घालायचे, मग पुन्हा छापता येऊ नये म्हणून ब्लॉक बाद करायचा, ही आमच्या धंद्यातली रीतच आहे, एरवी मीही पाळते. पण मेलेल्यांच्या आकड्यावर भाव ठरवायचा? मला बंगालचे चित्रकार चित्तप्रसाद आठवले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची त्यांची रेखाटनं असलेल्या पुस्तिकेच्या प्रती ब्रिटिशांनी जप्त करून जाळल्या. चित्र चार लोकांच्या हाती जातं, याचीच सरकारला धास्ती होती. आणि आपण आपल्या हाताने प्रती कमी करायच्या? मी सरळ नाही म्हणाले.

प्रतींवर आकडा घालत नाही. साध्या कागदावर छापते, कागद-शाईपुरते पैसे घेते. शाळांनी नेल्या, कामगार संघटनेच्या एका कार्यकर्त्याने गठ्ठाच नेला. ब्लॉकच्या कडा आता झिजल्यात, खडी थोडी पुसट उमटते. मागणी आली की अजून छापते.