तांबडी पेन्सिल

शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे असा फोन आला तेव्हा मी राउंडवर होते, हो म्हटलं आणि विसरले, मग मेसेज, मग परत मेसेज, आता आज रात्री बसलेच शेवटी. डॉक्टर झालेल्या माजी विद्यार्थिनीकडून लोकांना यशाची गोष्ट हवी असते, तशी माझ्याकडे नाहीये. मी लहान मुलांची डॉक्टर, त्यातही रक्ताच्या आजारांची, अर्धा वेळ पेशंट आणि अर्धा वेळ रिसर्च. आणि रिसर्च म्हणजे बहुतेक वेळ मोजत बसणं आणि वाट बघणं.

आठवीत विज्ञानाच्या बाईंनी (नाव लिहीत नाही, रागावतील, तुम्हाला कळलंच असेल) रक्ताची स्लाइड दाखवली होती. बोट कोण टोचून घेणार म्हटल्यावर सगळ्या माना खाली, मग मीच उठले, धाडसाने वगैरे नाही, मी पहिल्या बाकावर होते म्हणून. थेंब काचेवर, वर कव्हरस्लिप, आणि खिडकीकडे आरसा फिरवून उजेड पकडायचा तो जुना मायक्रोस्कोप. पाहिलं, वहीत चित्र काढलं. झकास गोल गोल पेशी, पुस्तकातल्यासारख्या, आणि तांबड्या पेन्सिलीने रंगवलेल्या. बाईंनी वही बघितली आणि म्हणाल्या, "तांबडा रंग कुठे दिसला गं तुला?"

परत जाऊन बघितलं. खरंच नव्हता! एकेकटी तांबडी पेशी भिंगाखाली फिकट पिवळसर दिसते, आणि रंग न लावलेल्या थेंबात त्या नाण्यांच्या चळतीसारख्या एकीला एक चिकटून बसलेल्या असतात. मी ते सगळं बघितलं होतं आणि काढलं मात्र पाठ असलेलं चित्र. बाईंनी वहीत लिहिलं, "पाहिलेले काढा, पाठ केलेले नको." तेव्हा राग आला होता कारण रंगवायला बराच वेळ गेला होता.

बारावी, एमबीबीएस, एमडी, पुढची फेलोशिप हे एका वाक्यात उरकते, त्यात जागरणं आणि परीक्षा सोडून वाचण्यासारखं काही नाही. या विषयात का आले ते मात्र सांगते. मुलांचं रक्त म्हणजे मोठ्यांचंच रक्त छोट्या बाटलीत, असं नसतं. नुकत्या जन्मलेल्या बाळाचं हिमोग्लोबिन 17 च्या आसपास असतं, दोन-तीन महिन्यांत ते 11 च्या जवळ येतं आणि बाळ ठणठणीत असतं, नवीन आईबाप रिपोर्ट बघून घाबरतात ते वेगळं. शिवाय बाळ पोटातून वेगळंच हिमोग्लोबिन घेऊन येतं, फीटल हिमोग्लोबिन, ते पहिल्या काही महिन्यांत ओसरतं आणि मोठ्यांचं त्याची जागा घेतं.

आता सिकल सेलचा आजार बघा. हिमोग्लोबिनच्या साखळीत एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं, तेवढ्याने पेशी कोयत्यासारखी वाकते, बारीक नळ्यांत अडकते, मूल वेदनेने कळवळतं. पण हाच आजार घेऊन जन्मलेलं बाळ सुरुवातीला अगदी छान असतं. असं का? 1948 मध्ये ब्रुकलिनच्या डॉ. जॅनेट वॉटसन यांनी नवजात बाळांचं रक्त बघितलं, त्यात वाकड्या पेशी फारच कमी होत्या, आणि त्यांनी ते फीटल हिमोग्लोबिनशी जोडलं, म्हणजे बाळाकडे आधीपासून असलेलंच हिमोग्लोबिन त्याला सांभाळतंय. मोठं यंत्र नाही, काही नाही. दिसलं ते लिहिलं. मग ते ओसरू न देण्याचं बटण कुठंय हे शोधायला पुढे किती काळ गेला म्हणाल, तर बीसीएल11ए नावाचा जीन हे हिमोग्लोबिन बंद करतो हे 2008 मध्ये पुढे आलं, आणि त्या जीनवर काम करून फीटल हिमोग्लोबिन परत चालू करणाऱ्या उपचाराला ब्रिटन आणि अमेरिकेत मंजुरी मिळाली 2023 च्या शेवटी. 1948 ते 2023, पंचाहत्तर वर्षं, आपल्या शाळेच्या वयाएवढी!

पण माझा जीव जास्त जडलाय तो मेरिलिन गॅस्टन या अमेरिकन डॉक्टरवर. 1964 मध्ये फिलाडेल्फियात इंटर्न असताना त्यांच्याकडे सुजलेल्या, इन्फेक्शन झालेल्या हाताचं बाळ आलं, सीनियरने सुचवलं की सिकल सेल बघ, आणि निघालं तेच. त्यांच्या ते डोक्यातच आलं नव्हतं. पुढे त्याच आजारावर आयुष्य घातलं. या मुलांची प्लीहा, म्हणजे रक्तातले जंतू गाळणारा अवयव, फार लवकर निकामी होते, त्यामुळे न्यूमोकोकस नावाच्या जंतूचं इन्फेक्शन काही तासांत जीव घेऊ शकतं. 1986 मध्ये छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात 215 छोटी मुलं होती, निम्म्यांना दिवसातून दोनदा साधं पेनिसिलिन, बाकीच्यांना नुसतं दिसायला तसंच औषध. इन्फेक्शन 84 टक्क्यांनी कमी झालं, अभ्यास आठ महिने आधीच थांबवावा लागला कारण उरलेल्यांना औषध न देणं बरोबर नव्हतं. जीन एडिटिंगच्या बातम्या येतात तेव्हा मला हे पेनिसिलिन आठवतं. काही नवीन शोधलं नव्हतं हो, जुनंच औषध, फक्त वेळेवर, आणि वेळेवर द्यायचं तर आजार जन्मतःच ओळखायला हवा, म्हणून नवजात बाळांच्या तपासणीला जोर आला.

आता माझी फजिती. दोन वर्षांच्या एका मुलीला मी चार महिने लोहाचं औषध देत राहिले. फिकट मुलगी, जेवणाची कटकट, हिमोग्लोबिन 10.8, एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार, 60, म्हणजे पेशी लहान. लहान पेशी, लोह कमी, डोक्यातलं चित्र तयार! हिमोग्लोबिन जागचं हललं नाही आणि मी तिच्या आईलाच विचारत होते, औषध नीट देताय ना. आई बिचारी वैतागली. एके दिवशी रिपोर्ट समोर असताना खालच्या ओळीवर नजर गेली, तांबड्या पेशींची संख्या 5.6. लोह कमी असेल तर हाडातली मज्जा पेशी कमीच बनवते, इथे लहान लहान पण भरपूर. एमसीव्हीला या आकड्याने भागायचं, उत्तर 13 च्या खाली आलं की थॅलेसेमिया मायनरचा (हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या आनुवंशिक आजाराचं सौम्य रूप) संशय घ्यायचा, हा मेंट्झर यांचा 1973 चा हिशोब कुठल्याही रेसिडेंटला पाठ असतो, मलाही होता. 60 भागिले 5.6. दहा पूर्णांक सात. चार महिने तो आकडा माझ्यासमोर छापलेला होता. पुढच्या तपासणीत मायनरच निघाला, त्याला औषधाची गरजच नसते. पण आईबाप दोघंही मायनर असतील तर प्रत्येक खेपेला बाळाला मेजर, म्हणजे याच आजाराचं गंभीर रूप, होण्याची शक्यता चारात एक, म्हणून दोघांनाही तपासलं. वडील मायनर होते, आई नव्हती. मी आईची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मी सांगत होते ना रोज देते म्हणून."

तेव्हापासून स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेलं रक्त, बघताना आधी कागदावर दिसेल ते लिहिते, निदान खाली. ज्युनिअर हसतात, हसू देत.

अजून एक, छापा किंवा नका छापू. त्या मायक्रोस्कोपचा आरसा कोपऱ्यात तडकलेला होता आणि त्यावरून नववीच्या मुलांनी बोलणी खाल्ली होती. तो माझ्या हातून पडला होता. बाई कार्यक्रमाला येणार असतील तर मीच समोर जाऊन सांगेन, येणार नसतील तर कुणीतरी कळवा त्यांना.