साबण बदलून एक्झिमा जात नाही

एक्झिमा (इसब) हा केवळ कोरडेपणा नसून त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थराची, म्हणजे ओलावा आत आणि त्रासदायक घटक बाहेर ठेवणाऱ्या भिंतीची कमजोरी आहे, हे उमगेपर्यंत मी कित्येक वर्षे साबण बदलण्यातच घालवली. या भिंतीला लागणारे फिलाग्रिन नावाचे प्रथिन काही जणांत जनुकीय बदलामुळे कमी तयार होते आणि त्याचा एक्झिमाशी संबंध आहे, हे २००६ मध्ये पुढे आले. निरोगी त्वचेचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) साधारण ५ असतो, तर नेहमीच्या साबणाचा ९ ते १०, आणि या फरकाचा त्या भिंतीला त्रास होतो. म्हणून आता मी सौम्य, सुगंधविरहित क्लिन्झर वापरतो, कोमट पाण्याने १० मिनिटांच्या आत आंघोळ आटोपतो आणि अंग न घासता टिपून, ते ओलसर असतानाच जाडसर मॉइश्चरायझर लावतो. (सुगंधाचा मोह सोडणे मला सर्वांत जड गेले.) त्रास उफाळला, की डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइडचे मलम भीतीपोटी टाळत नाही.

आहाराबाबतचा माझा उत्साह मात्र ओसरला आहे. मनानेच दूध आणि अंडी बंद केली, तेव्हा वजन घटले, खाज तशीच राहिली. प्रोबायोटिक्सचाही (उपयुक्त मानल्या जाणाऱ्या जिवाणूंच्या पूरकांचा) फारसा उपयोग होत नाही, असेच अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात दिसले. ॲलर्जी तपासणीत सिद्ध झाली, तरच पदार्थ वगळावा, आणि लहान मुलांच्या बाबतीत तर आहारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय नकोच.