आमची वाटचाल : देवाच्या तसबिरीपासून पेस्टलच्या कांडीपर्यंत

आमच्या दुकानावरची पाटी अजून ‘फोटो फ्रेम’ अशीच आहे. कोल्हापुरात शाहूपुरीत, कुंभार गल्लीपासून चालत पाच मिनिटांवर. १९७४ साली आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुकान थाटलं तेव्हा अंबाबाई, जोतिबा, दत्त आणि लग्नाचे फोटो एवढ्यावर घर चालायचं. आज त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही सॉफ्ट पेस्टलच्या, म्हणजे कोरड्या रंगखडूच्या, कांड्या हाताने वळतो. फ्रेमवाल्यांनी रंग कसे काय बनवायला घेतले, असं नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं. त्याचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून हे लिहितेय.

मी चित्रकार नाही. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिल्या होत्या. वस्तुचित्र बरं यायचं, स्मरणचित्रात माणसं लाकडी व्हायची. पुढे कॉमर्स केलं, आणि आण्णांचे गुडघे बोलायला लागले तसं २००९ पासून दुकान माझ्याकडे आलं.

२०१३ च्या पावसाळ्यात एक वयस्कर चित्रकार रंकाळ्याचं एक चित्र फ्रेमला टाकून गेले. मी तोवर सॉफ्ट पेस्टल पाहिलंच नव्हतं. शाळेतले तेलखडू म्हणजे पेस्टल, अशीच समजूत होती. ते तेलात आणि मेणात मळलेले असतात, कागदाला चिकटून बसतात. हे वेगळं निघालं. मी नेहमीसारखी काच थेट चित्रावर टेकवली, मागून हार्डबोर्ड लावला, खिळे ठोकले. आठ दिवसांनी ते न्यायला आले तेव्हा संध्याकाळच्या आभाळाचा निम्मा रंग काचेच्या आतल्या बाजूला गेला होता. चूक सगळी माझी. त्यांनी आवाजही चढवला नाही. म्हणाले, “पोरी, पेस्टल म्हणजे कागदावर बसलेली धूळ हाय. तिला काचंनं शिवायचं नसतं.” ते चित्र गेलं ते गेलंच. त्या दिवशी घरी मला जेवण गेलं नाही.

त्यानंतर मी पेस्टल फ्रेम करायला शिकले, आणि शिकता शिकता स्वतः काढायला लागले. फ्रेमिंगमधलं महत्त्वाचं इथेच सांगून टाकते. काच आणि चित्र यांच्यात मोकळी जागा हवीच. आम्ही दोन माउंट, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटी, लावतो आणि वरच्या माउंटखाली पट्टी देऊन तो उचलतो. त्यामुळे जी भुकटी झडते ती आतल्या फटीत पडते, माउंटच्या पांढऱ्या कडेवर दिसत नाही. काचच वापरतो, अॅक्रिलिक नाही. ते पुसलं की त्यात वीज साठते आणि ते चित्रावरची धूळ वर ओढून घेतं. फिक्सेटिव्ह, म्हणजे भुकटी धरून ठेवणारा फवारा, मारून मोकळं व्हा असं बरेच जण सुचवतात, पण त्याने फिकट छटा गडद होतात. पेस्टलचा उजेड जपायचा असेल तर तो कमीच मारावा.

आता चित्रांचं. पहिली दोन वर्षं मी जे केलं त्यातलं एकही चित्र आज मी भिंतीवर लावणार नाही. रंकाळ्याचे सूर्यास्त काढले, कॅलेंडरवरून बदकं काढली, पन्हाळ्याचा तीन दरवाजा काढला. पांढऱ्याशुभ्र कागदावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंग भरायचा आणि बोटाने घोटायचा. घोटलं की कसं गुळगुळीत होतं, आणि गुळगुळीत झालं की जमल्यासारखं वाटतं! ४८ कांड्यांची परदेशी पेटी उसनवारी करून आणली, तरी हवी ती छटा सापडेना. पुस्तकातून बघून एक महिना नुसते ठिपके दिले, एक महिना फक्त आडव्या रेघा. राजारामपुरीतल्या चित्रकार-अभिनेते चंद्रकांत मांडरे यांच्या कलासंग्रहालयात जाऊन त्यांची पावडर शेडिंगची कामं बघत बसायची. कोरड्या भुकटीतून इतकी हवा, इतकं अंतर! घरी येऊन तसं करायला जायची, आणि माझ्या हातून धुकं उतरायचं.

तेच चित्रकार काका (एव्हाना मी त्यांना काका म्हणू लागले होते) दुकानात आले की मी माझी कामं पुढे मांडायची. एकदा बराच वेळ बघून म्हणाले, “चांगलं हाय गं. पर ह्यात तुझा हात कुठं दिसंना.” दुसरं काही बोलले नाहीत. चहा घेऊन गेले.

हात दिसणं म्हणजे काय, हे मला समजलं ते दुकानातल्या कचऱ्यातून. माउंट कापताना मधली खिडकी निघते. तो तुकडा सहसा रद्दीत जातो. राखाडी, करडा, मातकट, काळपट जांभळा, असे शेकडो तुकडे माळ्यावर पडून होते. २०१५ च्या गणपतीआधी पांढरा कागद संपला म्हणून मी एक राखाडी तुकडा घेतला आणि कुंभार गल्लीत जाऊन बसले. समोर शाडूच्या न रंगवलेल्या मूर्ती रांगेने वाळत होत्या. मूर्तींचा रंग आणि माझ्या तुकड्याचा रंग जवळजवळ एकच होता. मग भरायचं काय? मी काळ्या कांडीने सोंडेखालची सावली टाकली, पांढऱ्याने कपाळावरचा आणि पोटावरचा उजेड. थांबले. मूर्ती कागदावर आली होती आणि पाऊण कागद कोरा होता. तुकड्याची राखाडी हीच मूर्तीची माती झाली होती. नंतर एका कोपऱ्यात तांबड्या मातीचा ढीग दिसला, तेवढ्यापुरता काव, म्हणजे गेरूसारखा तांबडा मातीचा रंग, वापरला.

फ्रान्सच्या वातोसारख्या चित्रकारांनी तीनशे वर्षांपूर्वी काळा, तांबडा आणि पांढरा अशा तीनच खडूंनी रेखाटनं केली आहेत, हे मी पुढे वाचलं. तेव्हा एवढंच जाणवलं की बोट लावायची गरज पडली नाही. रेघा जशा पडल्या तशा राहिल्या, आणि सगळ्या एकाच बाजूला तिरक्या होत्या. पट्ट्या ४५ अंशांत कापण्यात माझी सहा वर्षं गेली आहेत, डोळ्यात तो कोन बसला असावा, असा माझा अंदाज. काकांना दाखवलं. ते तुकडा हातात घेऊन उजेडाकडे गेले आणि म्हणाले, “हां. आता दिसला.”

माउंटचा पृष्ठभाग मात्र गुळगुळीत. दोन थर बसले की तिसरा घसरतो. पेस्टलला खरखर लागते, धुळीचे कण अडकायला जागा लागते. फ्रेमच्या दुकानात पॉलिश पेपरची काय कमी? ४०० नंबरचा काळा पॉलिश पेपर घेतला तर त्याने सहा थर धरले, पण कांडी अशी खाल्ली की एका चित्रात नखाएवढी उरली. मग पातळ गेसोत, म्हणजे कॅनव्हासला रंगाआधी देतात त्या पांढऱ्या लेपात, प्युमिस दगडाची बारीक भुकटी घालून ती ब्रशने माउंटच्या तुकड्यांवर लावून बघितली. ब्रशचे फराटेही चित्रात येतात, मला ते आवडतात. पुण्याच्या शिवाजीनगरला १९४० पासून चालू असलेली हातकागद संस्था आहे, तिथले जाड कागद आणूनही तोच लेप देऊन पाहिला. हा खरखरीत बोर्ड आमचा पहिला विकाऊ माल. सुरुवात झाली ती काकांच्या ओळखीतल्या चार-पाच जणांनी मागितला म्हणून.

कांड्यांचं कारणही तेच. माझी सगळी चित्रं काव, काजळी, खडू आणि थोडी नीळ यांत होऊ लागली, आणि त्या मातीच्या छटा मोठ्या पेट्यांत एक-दोनच असतात. गुलाबी आणि पोपटी तशाच नव्या राहायच्या, हिरमुंजी, म्हणजे गडद विटकरी, पंधरा दिवसांत संपायची. रंग तर आजूबाजूलाच होता. मूर्तिकार व्हायटिंग, म्हणजे खडूची बारीक भुकटी, पोत्याने आणतात. काव, पिवडी (पिवळी माती) आणि हिरमुंजी रंगाच्या जुन्या दुकानांत किलोवर मिळतात. पॅरिसमध्ये १७२० सालापासूनचं पेस्टलचं एक घर आजही हातानेच कांड्या वळतं, हे कळल्यावर मला मोठा धीर आला.

कृती लपवून ठेवण्यासारखी नाही. रंगाची भुकटी पाण्यात खलायची, खडू घालायचा, आणि कतीरा डिंकाच्या अगदी पातळ पाण्याने कणकेसारखी मळायची. बाजारात कतीरा म्हणून मिळतो तो पुष्कळदा आपल्याकडच्या सोनसावरीचा डिंक असतो. इराणकडचा वेगळ्या झुडपाचा. दोन्ही रात्रभर भिजवले तर जेली सारखीच दिसते, पण कांडीत वागतात वेगळं. माझे पहिले सहा महिने या फरकात गेले. शिवाय प्रत्येक रंगाची डिंकाची भूक निराळी. काव मुळातच चिकणमाती, तो जवळपास नुसत्या पाण्यावर धरतो. प्रशियन निळ्याला नेहमीच्या मापाने डिंक दिला तर कांडी दगड होते, कागदावर ओरखडा उठतो पण रंग उतरत नाही.

छटा करताना गोळा अर्धा करत जायचं. एक गोळा शुद्ध हिरमुंजीचा, एक पांढरा. हिरमुंजीचा अर्धा भाग कांडीसाठी बाजूला काढायचा, उरलेल्यात तेवढाच पांढरा मिसळायचा. त्याचाही अर्धा काढायचा, परत पांढरा. पाचव्या गोळ्याला विटकरीचा रंग जाऊन पहाटेचा रंग येतो. आमच्या दोन्ही ताई, गेली सात वर्षं कांड्या वळणाऱ्या, हे मापाशिवाय नुसत्या नजरेने करतात. वळायला गुळगुळीत फरशी, वरून लाकडाची फळी, मग वर्तमानपत्रावर सावलीत आठवडाभर. उन्हात ठेवलं की तडा गेलाच.

२०१७ च्या जुलैत आम्ही पहिल्यांदा मोठा घाणा घातला. साठ पेट्यांचा. कोल्हापूरचा जुलै! चौथ्या दिवशी निळ्या कांड्यांवर कापसासारखी बुरशी, दहाव्या दिवशी सगळ्याच. साठच्या साठ पेट्या फेकल्या. तेव्हापासून डिंकात लवंगेच्या तेलाचे थेंब घालतो आणि जून ते सप्टेंबर मळणी बंद ठेवतो. त्या चार महिन्यांत फक्त फ्रेमिंग आणि बोर्ड. लोक पावसाळ्यात ऑर्डर देतात आणि ऑक्टोबरपर्यंत थांबतात, याबद्दल त्यांचे मनापासून आभार.

ऑगस्ट २०१९ च्या पुराबद्दल फार लिहवत नाही. दुकानात छातीएवढं पाणी होतं. लाकडाच्या पट्ट्या फुगल्या, माउंट बोर्डांचे गठ्ठे एकमेकांना चिकटून पावासारखे झाले, आणि तयार कांड्या ज्या ट्रेमध्ये होत्या तिथे नुसता तपकिरी चिखल सापडला. गणपती तोंडावर आलेले, आणि गल्लीत शाडूच्या मूर्ती विरघळून गेलेल्या. तिथल्या माणसांचं नुकसान आमच्यापेक्षा कितीतरी मोठं होतं, तरी त्यांच्यातल्या एकाने आपलं आवरायच्या आधी आमचं शटर उचलायला हात लावला. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा सगळा माल माळ्यावर होता.

लॉकडाउनमध्ये उलट मागणी वाढली. घरी बसलेल्या माणसांना काहीतरी काढायचं होतं. बेळगाव, सांगली, पुणे, एकदोन पेट्या थेट लंडनला तिथल्या मराठी मंडळींकडे. कुरिअरमध्ये कांड्या मोडायच्या, म्हणून आता प्रत्येक कांडी फोमच्या वेगळ्या खाचेत बसवतो.

आमच्या पेटीत १८ कांड्या असतात. मोठी पेटी काढा, असा आग्रह दुकानदार सारखा करतात. मी करत नाही. नव्याने काढणारा माणूस ४८ रंग समोर ठेवतो तेव्हा तो रंग निवडण्यातच दमतो, हे मी स्वतः भोगलंय. काव, हिरमुंजी, पिवडी, नीळ, काजळी, त्यांच्या फिकट होत जाणाऱ्या छटा, आणि खडू. हिरवा आम्ही देत नाही. पिवडीवर नीळ तिरकी घासून बघा, शेतातला हिरवा तिथे मिळेल. पेटीसोबत वेगवेगळ्या रंगांचे चार माउंटचे तुकडेही असतात. रद्दीतलेच, लेप दिलेले. बऱ्याच जणांना आधी पांढरा कागदच हवा असतो. महिन्याभराने फोन येतो, ते करडे तुकडे अजून आहेत का?

कांड्या एकमेकींना घासून मळल्या तर तांदळाच्या कण्यांत घालून हलवा, स्वच्छ होतात. चित्रावरची भुकटी फुंकू नका, कागद बाहेर नेऊन मागून टिचकी मारा. घरात लहान मूल असेल तर याबाबत काटेकोर राहा. आमच्या मागच्या खोलीत मळणीच्या वेळी मास्कशिवाय कुणालाही आत घेत नाही.

काका गेल्या वर्षी वारले. त्यांच्या घरच्यांनी त्यांची चौदा पेस्टल फ्रेमला दिली, आणि त्यांत रंकाळ्याचं एक जुनं चित्र होतं, काचेने आभाळ खाल्लेलं. ते त्यांनी फेकलं नव्हतं. मी ते जसंच्या तसं, दोन माउंट आणि खाली पट्टी देऊन फ्रेम केलं.

ऑक्टोबरपासून मळणी पुन्हा सुरू आहे. फरशीवर, फळीवर, खलाच्या कडेला जी भुकटी उरते ती आम्ही वर्षभर एका डब्यात साठवतो आणि शेवटी तिच्याच कांड्या वळतो. प्रत्येक पेटीत एक, वेगळे पैसे न घेता. गेल्या वर्षीची राखाडी पिवडीकडे झुकली होती. यंदा हिरमुंजी आणि नीळ जास्त निघाली, त्यामुळे ती थोडी जांभळट आली आहे.