मास्टॉइडच्या मोजमापावर एम.एस.चा प्रबंध : माझा अनुभव

कान-नाक-घसा या विषयात एम.एस. करणाऱ्या प्रत्येकाला प्रबंध लिहावाच लागतो. मुंबईतल्या आमच्या पालिका रुग्णालयाच्या ओपीडीत वर्षानुवर्षे कान वाहणारे इतके रुग्ण येतात की, मास्टॉइडखेरीज दुसरा विषय घ्यावा असे मला कधी वाटलेच नाही.

मास्टॉइड म्हणजे कानामागे हाताला लागणारे हाड. निरोगी माणसात ते बहुधा भरीव नसते. आत हवेचे लहान-मोठे कप्पे असतात आणि ते अँट्रम नावाच्या पोकळीमार्फत मध्यकर्णाशी जोडलेले असतात. अँट्रम जन्मतःच असते, कप्पे मात्र पुढे वाढत्या वयात तयार होतात. ज्यांचा कान लहानपणापासून वाहतो, त्यांचे हाड पुष्कळदा कप्प्यांविना, टणक राहिलेले आढळते. अशा हाडात मेंदूकडून रक्त परत आणणारा सिग्मॉइड सायनस (मोठी शीर) पुढे आलेला आणि मेंदूच्या आवरणाची पातळी खाली उतरलेली असू शकते. मग ड्रिल फिरवायला जागा उरते ती अगदी चिंचोळी, आणि तिच्याच पुढच्या कडेला चेहऱ्याची नस असते. कानाच्या नळीची मागची भिंत आणि सायनस यांतील अंतर सीटी स्कॅनवर मोजायचे व ते शस्त्रक्रियेत प्रत्यक्ष मिळालेल्या जागेशी ताडून पाहायचे, असा माझा विषय ठरला.

एथिक्स कमिटीचा पहिला प्रश्न सरळ होता : अभ्यासासाठी कोणाचा जास्तीचा सीटी काढणार आहात का? नाही, उपचारासाठी आधीच काढलेले स्कॅनच वापरणार होतो. खरा वेळ गेला तो संमतिपत्रावर. त्यात सगळे काही होते, पण एका मुलीच्या आईने कागद हातात धरून विचारले, "डॉक्टर, सही नाही केली तर पोरीच्या ऑपरेशनची तारीख मागं जाईल का हो?" मी म्हणालो, "नाही ताई, तारखेचा आणि या कागदाचा काहीही संबंध नाही." हे वाक्य संमतिपत्रात होतेच, पण शेवटच्या परिच्छेदात. गाइड मॅडमशी बोलून ते पहिल्या ओळीत आणले आणि सुधारित मसुदा कमिटीकडून पुन्हा मंजूर करून घेतला. जिथे शस्त्रक्रियेसाठी प्रतीक्षायादी असते, तिथे हा खुलासा सर्वांत आधी केला नाही तर रुग्णाची सही मोकळ्या मनाने झालेली नसते, असे माझे ठाम मत आहे.

मोजमाप हा प्रबंधाचा गाभा, आणि तिथेच सर्वाधिक विचार करावा लागला. स्कॅनच्या वेळी रुग्णाची मान जराशी कलली तरी त्याच हाडाचे छेद वेगळे दिसतात आणि अंतर बदलते. म्हणून प्रत्येक स्कॅन संगणकावर पुन्हा मांडून छेदांची पातळी लॅटरल सेमिसर्क्युलर कॅनालला (अंतर्कर्णातील तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकेला) समांतर करून घ्यायची आणि राउंड विंडो (मध्यकर्ण व अंतर्कर्ण यांमधली गोल खिडकी) जिथे दिसते त्याच छेदात मोजायचे, असा नियम केला. नळीच्या मागच्या भिंतीवरचा नेमका कोणता बिंदू घ्यायचा, हे ठरवण्यासाठी रेडिओलॉजीतल्या सहकाऱ्याबरोबर कित्येक संध्याकाळी घालवल्या. तेच स्कॅन त्याने माझे आकडे न पाहता स्वतंत्रपणे मोजले, आणि काही काळाने मीही ते पुन्हा मोजले. दोघांचे आकडे जुळतात हे दाखवता आले नसते, तर पुढच्या सगळ्या तक्त्यांना अर्थ नव्हता.

शस्त्रक्रियेतली बाजू समजायला टेम्पोरल बोन लॅबने, म्हणजे कानाच्या हाडावर सराव करण्याच्या प्रयोगशाळेने, मोठी मदत केली. तिथे देहदानातून मिळालेल्या हाडांवर हात बसवता येतो. मायक्रोस्कोपखाली पाणी सोडत कटिंग बर (ड्रिलचे हाड कापणारे टोक) फिरवताना आधी पांढरा लगदा निघत राहतो. हाड पातळ होऊ लागले की ड्रिलचा आवाज चढतो. तेव्हा हळुवार घासणारा डायमंड बर घ्यायचा. सायनसवरचे हाड कागदासारखे उरले की आतून निळसर झाक दिसू लागते, आणि आपण सीटीवर मोजलेल्या मिलिमीटरांचा अर्थ तेव्हा बोटांना कळतो.

संदर्भवाचनात १७९१ सालची एक नोंद मनात रुतून बसली. डेन्मार्कच्या राजवैद्यांनी, फॉन बर्गर यांनी, बहिरेपणा व कानातल्या आवाजासाठी स्वतःचे मास्टॉइड उघडून घेतले आणि काही दिवसांतच ते दगावले. त्यानंतर ही शस्त्रक्रिया कित्येक दशके बदनाम राहिली. १८७३ मध्ये श्वार्त्से आणि आयझेल या जर्मन डॉक्टरांनी ती कधी व कशी करावी हे पद्धतशीर मांडल्यावर तिला पुन्हा मान्यता मिळाली. या दोघांच्याही हाताशी क्ष-किरण नव्हते. हाड उघडण्यापूर्वी आत काय आहे हे पाहता येणे ही केवढी मोठी सोय आहे, हे त्या पानांवरून उमगले.

आकडेशास्त्र, तक्ते आणि बांधणी यांची धावपळ सर्वांच्याच वाट्याला येते. प्रबंध परीक्षेच्या सहा महिने आधी विद्यापीठाकडे पोहोचला. टणक हाडात अंतर कमी, हा अपेक्षित कल दिसलाच. सीटीवर कमी दिसलेले अंतर शस्त्रक्रियेतही बहुतेकदा अडचणीचे ठरले.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारले, "कान वाहिल्यामुळे कप्पे वाढले नाहीत, की मुळात कप्पे कमी होते म्हणून कान वाहिला?" या वादात विटमाक या संशोधकांनी पहिली बाजू मांडली होती, तर चीटल या संशोधकांनी दुसरी, म्हणजे जन्मजात ठेवणीची. मी उत्तर दिले की, माझ्या प्रबंधातून हे ठरवता येणार नाही, कारण माझा प्रत्येक रुग्ण आजार जडल्यानंतर स्कॅनपर्यंत पोहोचला होता. त्यासाठी मुलांचा जन्मापासून मागोवा घ्यावा लागेल, आणि निरोगी तान्ह्या बाळांचे केवळ अभ्यासासाठी वारंवार सीटी काढणे कोणत्याही कमिटीने मंजूर करू नये. परीक्षकांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न चेहऱ्याच्या नसेवर विचारला.